रडण्यातली फट

१

तान्ही मुले एका खोलीत पुष्कळ असली की त्यांचे रडणे अखंड ऐकू येते. त्यात नवल काही नाही. प्रत्येक बाळ श्वासापुरते थांबतेच. पण एक थांबते तेव्हा दुसरे टाहो फोडत असते, आणि दुसऱ्याचा दम सरतो तोवर तिसऱ्याला कंठ फुटलेला असतो. सगळ्यांचे थांबे वेगवेगळे, म्हणून एकूण आवाजाला कुठेही सांधा दिसत नाही.

माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे अशी खोली आहे. कडेने बाके, बाकांवर बाळंतिणी, त्यांच्या कुशीत गुंडाळलेली बाळे. परिचारिका बाळाच्या टाचेला सुई टोचते, रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपते आणि तो कागद आमच्या खिडकीतून आत सरकवते. त्या रक्तातून आम्ही डीएनए काढतो, त्याची अक्षरे वाचतो आणि प्रमाण मानलेल्या मानवी क्रमाशी ताडून पाहतो. जिथे अक्षर वेगळे, तिथे उत्परिवर्तन. बहुतेक उत्परिवर्तने निरुपद्रवी असतात; थोडी मुलाच्या आयुष्याची माती करतात. या दोहोंतला फरक सांगणे हे माझे काम. ते मी इतकी वर्षे केले आहे की पलीकडचे रडणे हा त्या भिंतीचाच गुणधर्म असावा, अशी माझ्या कानांची समजूत झाली होती.

म्हणून त्या सकाळी आपण काय ऐकले हे कळायला मला वेळ लागला. मी काहीच ऐकले नव्हते. रडणे चालू होते, मग नव्हते, मग पुन्हा चालू झाले. आणि चालू झाले ते सगळे एकदम, वर्गात बाई आल्यावर पोरे उठून उभी राहतात तसे.

"चिमणे, त्या दाराशी कोण खेळतंय? उघडमीट चाललीये कधीची!"

चिमणी म्हणजे आमची तंत्रज्ञ. अंगाने चिमणी, आवाजाने कावळी. तिचे तोंड बंद मी पाहिले ते फक्त मुखपट्टीच्या आड, आणि तेव्हाही पट्टी हलत असे.

"दार तर सताड उघडं आहे, मॅडम. पोरं दमली असतील. सकाळपासून ठणाणा चाललाय नुसता."

पोरे दमतात, हे खरे. एकदम दमत नाहीत.

२

त्याच सुमारास, एकमेकांशी कसलेही नाते नसलेल्या बाळांच्या रक्तात एकाच जागी एकच अक्षर बदललेले दिसू लागले. एखादे उत्परिवर्तन एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाहत येते, ते मी समजू शकते. शेजारच्या बाकावर बसलेल्या परक्या बाईच्या पोरात ते कशाला येईल? माझा पहिला संशय भेसळीवर गेला. कुणाच्या तरी नमुन्याचा थेंब सगळ्यांच्या नळ्यांत उडाला असणार. मी एकूणएक माणसाला फैलावर घेतले. ओटे घासून घेतले, द्रावणे मोरीत ओतायला लावली.

"मॅडम, आता धुवायचं राहिलंय ते फक्त आमचं नशीब," चिमणी म्हणाली.

"जिभेपासून सुरुवात कर," मी म्हणाले.

नुसते शुद्ध पाणी घातलेली नळी कोरी आली. भेसळ नव्हती. मग मी आयांचे रक्त तपासले. त्यांतल्या एकीचे रक्त ती गरोदर असताना आम्ही गोठवून ठेवले होते. त्या जुन्या रक्तात तो बदल नव्हता. नव्यात होता, आणि एखाददुसऱ्या पेशीत नव्हे, सरसकट.

हे होऊ शकत नाही. उत्परिवर्तन म्हणजे पडसे नव्हे, शेजारी शिंकला म्हणून लागायला. पेशी विभागताना अक्षर चुकते, ते चुकलेले अक्षर तिच्या लेकींकडे जाते, बस्स. प्रौढ बाईच्या सगळ्या रक्तात एकच चूक एकाच जागी रातोरात उगवत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. मी चाचणी पुन्हा केली. चिमणीने दुसऱ्या यंत्रावर केली. उत्तर तेच. मला भीती वाटायला हवी होती, पण मला संताप आला. निसर्गाला नियम मोडायचाच असेल तर त्याने निदान इतका नीटनेटका पुरावा तरी देऊ नये.

३

तळघरात आमचे उंदीरघर आहे. पिंजऱ्यांच्या मांडण्या, लाकडाच्या भुशाचा वास, आणि एक सततची खसफस. माझ्या मनात आलेली शंका इतकी मूर्खपणाची होती की ती खोडून काढण्यासाठीच मी खाली गेले.

खसफस तुटक होती.

मी पिंजऱ्यांपुढे उभी राहिले. उंदीर पळत होते, कुरतडत होते, एकमेकांच्या अंगावर चढत होते. आणि मग, मांडणीच्या वरच्या कप्प्यापासून खालच्या कप्प्यापर्यंत, प्रत्येक उंदीर नाक वर करून स्थिर झाला. छाती फुगली. मग पुन्हा खसफस. उंदराचा श्वास माणसाच्या श्वासाहून कितीतरी जलद असतो. इतके थांबायचे त्याला काही कारण नाही.

मी वर फोन लावला.

"चिमणे, भिंतीला कान लाव. बाळं गप्प झाली की 'आता' म्हण. बाकी एक शब्द बोलू नकोस."

"ही शिक्षा आहे की प्रयोग?"

"दोन्ही."

खसफस. मग शांतता, आणि त्या शांततेत माझ्या कानाशी तिचा आवाज: "आता." खसफस. शांतता. "आता." मी डोळे मिटून घेतले. वर बाळे होती, खाली उंदीर होते, मध्ये कितीतरी मजले आणि काँक्रीट होते. "आता." मी मनाशी कारणे मांडत गेले. पाण्याच्या पंपाचा धक्का बसत असेल, किंवा हवेच्या नळीतला दाब बदलत असेल. दाबाच्या बदलाने प्राणी दचकतात, हे ठाऊक आहे.

मग शांतता आली आणि तिच्यात चिमणीचा आवाज आला नाही. उंदीर हलले, खसफस सुरू झाली, आणि त्यानंतर ती म्हणाली, "आता."

"उशीर झाला तुला."

"नाही हो, वेळेवरच म्हटलं की," ती म्हणाली.

पुढच्या वेळीही तसेच झाले. शांतता संपली, मग "आता." त्याच्याही पुढच्या वेळी. त्या शांततेत मी तिचा श्वास फोनवर ऐकला, लांब, आत ओढलेला. आणि माझ्यासमोर सगळ्या पिंजऱ्यांत नाके वर झालेली होती.

४

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांचे वाक्य मध्येच तोडणे आजवर कुणालाही जमलेले नव्हते. ते वाक्याला वाक्य असे जोडत जात की समोरच्याला शिरायला जागाच उरत नसे. मी त्यांच्यापुढे सगळे मांडले आणि म्हणाले, "हे जाहीर करायला हवं. तपासण्या थांबवायला हव्यात. निदान ती खोली रिकामी करा."

"डॉक्टर, तुम्ही फार ताण घेता. हा बदल किती जणांत सापडला?"

"या महिन्यात येणाऱ्या बहुतेकांत."

"मग झालं तर!" ते प्रसन्न हसले. "नियम तुम्हाला मी सांगायला हवा का?"

आमच्या शास्त्रात एक सोयीचा नियम आहे. जो बदल पुष्कळ लोकांत सापडतो तो निरुपद्रवी मानावा. तर्क बिनचूक आहे: जीवघेणे उत्परिवर्तन अंगात घेऊन पुष्कळ लोक धडधाकट हिंडू शकत नाहीत. म्हणून असे बदल संगणक आमच्या नजरेस पडण्याआधीच गाळून टाकतो. मी स्वतः हा नियम शिकवला आहे. पण त्यात एक गृहीत आहे, की जे वाईट असते ते मारते. जे मारत नाही, माणसाचे दुसरेच काहीतरी करते, त्याच्याविषयी हा नियम मूग गिळून बसतो. आणि ते जितके पसरेल तितके आमच्या लेखी ते अधिकाधिक निर्दोष ठरत जाणार.

मी हे बोलले. सगळे बोलले. बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की आज माझी वाक्ये पुरी होत आहेत. सर बोलत होते, थांबत होते, छाती भरून घेत होते. त्या जागेत मी शिरत होते आणि ते मला अडवू शकत नव्हते. तोंड अर्धवट उघडे, नजर माझ्या चेहऱ्यावर, आणि शब्द नाही. फट संपली की ते त्याच शब्दापासून पुढे सुरू करत.

"... सबब ह्यात काळजीचं कारण मला दिसत नाही," ते म्हणाले.

भिंतीवरचे घड्याळ बंद पडले तर आपण ते दुरुस्त करतो. सरांनी सगळ्यांची घड्याळे त्याच्याशी जुळवायची ठरवली होती. मी दार आपटून बाहेर पडले.

५

माझ्या धाकट्या बहिणीला त्या दिवसांत मुलगी झाली होती. उशिरा, फार वाट पाहून, डॉक्टरांनी हात टेकल्यानंतर. मी तिला सांगितले होते की टाचेचे रक्त मी घरी येऊन घेईन, त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. तिने ऐकले नाही. लहानपणापासून तिने माझे ऐकलेले नाही.

"तू घरी सुई घेऊन आलीस की मलाच भोवळ येते, ताई. आणि तिथे चार बायका असतात, गप्पा होतात," ती बाकावरून म्हणाली. "हे बघ तरी, नाक तुझ्यासारखं आहे. बिचारी."

"नाक राहू दे. चल, आधी बाहेर चल."

"अगं, नंबर आलाय आमचा."

सुई टोचली. बाळाने सूर लावला. तिच्या सुराला खोलीतल्या साऱ्या बाळांनी सूर मिळवला, आणि मग ती फट आली. सगळी बाळे थांबली, बायका बोलता बोलता थांबल्या, परिचारिकेचा कागद धरलेला हात हवेत थांबला. त्या शांततेत एकच आवाज चालू होता, चिरका, बेसूर, संतापलेला. माझ्या भाचीचा. मग तिचा दम संपला, आणि ती श्वासाला थांबली तेव्हा बाकीच्यांनी पुन्हा सुरुवात केली होती.

मला कोण आनंद झाला. इतके सुंदर रडणे मी कधी ऐकले नव्हते.

धाकटी मात्र इकडेतिकडे पाहत होती. फट आली तशा बायकांच्या माना वळल्या होत्या. कुणी रागावलेले नव्हते. एका बाईने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, जसा आजारी लेकराच्या आईच्या पाठीवर ठेवतात.

६

बाळाच्या रक्तात तो बदल नव्हता. मी स्वतः वाचले, आणि माझेही रक्त त्याच वेळी वाचले: जुने अक्षर, जागच्या जागी. मावशी-भाची एका माळेचे मणी. धाकटीचे रक्त मी तपासले नाही. त्या खोलीत तिचेही बोलणे फटीत तुटताना मी ऐकले होते, आणि मला कळायचे ते कळले होते.

दुसऱ्या दिवशी चिमणी माझ्या टेबलापाशी आली. ती आल्याचे मला समजले नाही, इतकी ती शांतपणे आली.

"मॅडम, तुमच्या भाचीच्या रक्तात..." ती थांबली. मी वाट पाहिली. "... दोष दाखवतोय."

"कसला दोष? काल तर काही नव्हतं."

"काल प्रमाण वेगळं होतं ना."

मी सरांच्या खोलीत गेले ती दार न वाजवता.

"प्रमाण कुणी बदललं?"

"प्रमाण म्हणजे तरी काय, डॉक्टर? बहुसंख्यांचं जे असतं ते. जुना क्रम आता फारच थोड्यांत सापडतो." श्वास. "ज्यांच्यात सापडतो त्यांना कळवणं आपलं कर्तव्य आहे. तुमच्या भगिनींना मी स्वतः फोन केला."

"तुम्ही तिला सांगितलंत की तिची मुलगी सदोष आहे?"

"वेगळी आहे, असं म्हणालो. घाबरवण्यासारखं काही नाही. लहान बाळांना पटकन सवय लागते. आईने थोडी मदत करायची, एवढंच." ते पुढे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी खरोखरची आपुलकी होती, आणि तीच मला असह्य झाली. "तुमचाही नमुना पाहिला आम्ही. खरं सांगा, कंटाळा येत नाही का हो तुम्हाला, असं एकटीनेच बोलायचा?"

मदत. कसली मदत, हे विचारायलाही मी थांबले नाही. धाकटीचा फोन लागत नव्हता. मग मला पलीकडची खोली आठवली.

७

त्या दिवशी खोलीत सुई टोचायचे काम चाललेले नव्हते. बाके भरलेली होती. बायका एकमेकींना खेटून बसलेल्या, खिडक्यांचे पडदे सारलेले, कोपऱ्यात नळ ठिबकत होता. धाकटी मधल्या बाकावर होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिच्या खांद्यांवर हात ठेवून होत्या. बाळ तिच्या मांडीवर रडत होते.

मी दारातच थबकले. माझ्या बुद्धीने अजून एकदा, शेवटचे, स्पष्टीकरण पुढे केले: बाळंतिणींना समुपदेशन चालले असेल. आई घाबरलेली आहे, तिला धीर देत आहेत.

फट आली. धाकटीने बाळाच्या तोंडावर तळहात ठेवला.

तिने तो दाबला नाही. अगदी हळुवार ठेवला, झोपेत पांघरूण सरकले तर आपण ओढतो तसा. बाळाचे पाय ताणले, मुठी उघडल्या. सगळ्या खोलीने श्वास घेतला. मग धाकटीने हात काढला आणि सगळी बाळे एकदम रडली, आणि त्यांच्यात माझी भाचीही.

"बघ," शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "जमतंय की."

"काय चाललंय हे?" माझा आवाज चिरकला. "धाकटे! मारशील तिला!"

"ओरडू नकोस, ताई. दचकते ती." तिच्या डोळ्यांत पाणी होते, ते माझ्या बहिणीचेच डोळे होते, म्हणून तर मला राग आवरेना. "तुला काय कळणार? ती एकटी रडते तेव्हा मला काय होतं, तुला काय..." तिचे वाक्य थांबले. तोंड उघडे, नजर माझ्यावर खिळलेली. तळहात आपोआप उचलला गेला आणि बाळाच्या तोंडाकडे निघाला.

फट होती. त्या फटीत त्यांच्यापैकी कुणालाही जागचे हलता येत नव्हते, फक्त माना आणि आयांचे हात काय ते हलत होते. मला हलता येत होते.

मी तिच्या मांडीवरून बाळ उचलले. तिची बोटे दुपट्यात अडकली होती. ती मी एक एक करून सोडवली. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून सगळ्या खोलीचा श्वास सुटला आणि तिची किंकाळी ऐकू आली, "ताई!" ती किंकाळी पुरी व्हायच्या आत मी जिन्यावर होते.

८

रस्त्यावर भर दुपारची वर्दळ होती. मी बाळाला खांद्याशी घट्ट धरून चालत सुटले. कुठे जायचे ते ठरलेले नव्हते. दुकानदार गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होते, कुणी फोनवर कुणाला शिव्या घालत होता, कुत्रे भुंकत होते. सगळे नेहमीसारखे होते, आणि मला क्षणभर वाटले की हे त्या इमारतीपुरतेच आहे. भिंतींतले काहीतरी, हवेतले काहीतरी.

मग रस्ता थांबला. गाड्यांची इंजिने घरघरत राहिली, पण माणसांचा आवाज असा नाहीसा झाला की दुकानाच्या पत्र्यावर चालणाऱ्या कबुतराची नखे मला ऐकू यायला हवी होती, आणि येत नव्हती, कारण कबुतरही थांबले होते. कुत्र्याचा जबडा उघडा होता. सगळे चेहरे आमच्याकडे वळलेले होते, कारण जिवंत आवाज फक्त आमचाच होता: माझी पावले, माझी धाप. बाळ गप्प होते.

ते गप्प होते. तिने ती फट रिकामी जाऊ दिली होती.

"रड," मी म्हणाले. "रड गं, माझी बाय. तुला वाटेल तेव्हा रड."

ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. रस्ता पुन्हा सुरू झाला. लोक आमच्या बाजूने वाट काढत जाऊ लागले. एका आजोबांनी मान हलवून च्‌ च्‌ केले. ती कीव होती. शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. मी त्या म्हाताऱ्या माणसाला भर रस्त्यात असे काही सुनावले की एरवी मला शरम वाटली असती, आणि माझा तो आवाज ऐकून बाळाचा चेहरा आक्रसला. पुढची फट आली तशी ती रडली. माझ्या कानाशी, सगळ्या थिजलेल्या रस्त्यावर, जीव खाऊन रडली.

आणि कुणीतरी ओ दिली.

समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून, त्याच फटीत, दुसऱ्या एका तान्ह्या बाळाचे रडणे आले. बारीक, पण तितकेच बेसूर. माझ्या खांद्यावरचे बाळ ऐकायला थांबले. मीही थांबले. ते रडणे चढत गेले, आणि सुराच्या ऐन मध्यावर तुटले. दम संपल्यावर रडणे विझत जाते. हे विझले नाही. कुणीतरी ते झाकले.

वर एका खिडकीचा पडदा हलला. तिथे कुणाची तरी पाठ दिसली, खाली वाकलेली, आणि पाळण्याकडे निघालेला एक हात.

मी भाचीला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि थांबलेल्या माणसांमधून धक्के देत तो रस्ता ओलांडला. जिन्याचे दार आतून लावलेले होते. मी त्यावर लाथ घातली.